दारूचे व्यसन आणि जनुकांचा वाटा

बाप पितो म्हणजे पोरगाही पिणारच, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार दारूच्या व्यसनाबाबत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा आनुवंशिक असतो. त्यामागे अनेक जनुके असतात, एकेकाचा परिणाम किरकोळ.

ठळक अपवाद एएलडीएच-२ या जनुकाचा. शरीरात दारूपासून आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते. या जनुकाचे विकर ते निकामी करते. जपान, चीन, कोरियातल्या बऱ्याच लोकांत हे विकर दुबळे असते. थोडी प्यायली तरी चेहरा लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. (दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळी हेच विकर अडवते.) साहजिकच दुबळे विकर असलेल्यांना व्यसन कमी लागते. तरीही जपानमधल्या दारूच्या व्यसनी रुग्णांत या जनुकाची एक दुबळी प्रत असलेले १९७९ मध्ये २.५ टक्के होते, ते १९९२ मध्ये १३ टक्के झाले. तेरा वर्षांत समाजाची जनुके बदलत नाहीत; बदलले ते पिण्याचे रिवाज. म्हणजे नुसत्या जनुकांवरून व्यसन लागेल की नाही हे ठरत नाही; तेव्हा व्यसनाचे भाकीत सांगणाऱ्या जनुकचाचण्यांवर पैसे घालवू नका.