पदवी मतदाराला लागते, आमदाराला नाही

पदवीधर मतदारसंघाचा आमदार स्वतः पदवीधर असलाच पाहिजे, असं भलेभले समजतात. आमच्या स्टाफरूममध्ये एकदा यावर चहाची पैज लागली होती, आणि हरणाऱ्यांत राज्यशास्त्राचे सर होते. मद्रासच्या पदवीधर मतदारसंघातून निवडून आलेले जी. नारायणस्वामी पदवीधर नव्हते. उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली, पण 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. राज्यघटनेच्या 171व्या कलमानुसार मतदार पदवीधर हवा. उमेदवारालाही ती अट आहे असं त्यातून निघत नाही, हा त्या निकालाचा अर्थ.

सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. शेवटी अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. पदवीधरची नोंदणी सुरू झाली की गावातली निम्मी माणसं फॉर्म घेऊन माझ्याकडे यायची, अजूनही घरी येतात. म्हणून हे लिहिण्याचा अधिकार आहे असं मी समजते.

आपल्या विधान परिषदेत 78 आमदार. त्यांतले 30 विधानसभेचे आमदार निवडतात, 22 जिल्हा परिषदा-नगरपालिकांचे सदस्य, 12 राज्यपाल नेमतात. उरले 14. सात शिक्षकांचे, सात पदवीधरांचे. पुणे पदवीधर म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे, विधानसभेचे 58 मतदारसंघ, आणि आमदार एकच. सगळीकडे पोचणं त्याला सहा वर्षांतही जमत नाही, हे कुठल्याच पक्षाचा माणूस उघड बोलत नाही.

पदवीधरांना वेगळी जागा देण्याची कल्पना इंग्रजांची. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही विद्यापीठं सतराव्या शतकापासून पार्लमेंटात आपले सभासद पाठवत. न्यूटनही 1689 मध्ये केंब्रिजतर्फे गेला होता. तीच रीत मुंबई प्रांताच्या कौन्सिलात आली. रँग्लर परांजपे मुंबई विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून तिथे बसले, पुढे शिक्षणमंत्रीही झाले. 1927 मध्ये कन्हैयालाल मुन्शी विद्यापीठाच्याच जागेवरून निवडून आले. तेव्हा बी.ए. झालेला माणूस तालुक्यात शोधावा लागे. गंमत अशी, की ब्रिटनने 1948 मध्ये कायदा करून आपल्या विद्यापीठांच्या जागा काढून टाकल्या, आणि नेमक्या त्याच सुमाराला दिल्लीत आपली घटना समिती पदवीधरांसाठी जागा राखत होती.

त्या जागांनी काही दिलं नाही असं मात्र म्हणवत नाही. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवणारे ग. प्र. प्रधान पुणे पदवीधरमधून गेले आणि पुढे परिषदेत विरोधी पक्षनेते झाले. अमरावतीचे प्रा. बी. टी. देशमुख 1980 ते 2010 अशी तीस वर्षं तिथे होते. विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष त्यांनी आकडेवारीनिशी सभागृहात मांडला. ही माणसं विधानसभेला उभी राहिली असती तर निवडून आली असती का, मला शंका आहे. नितीन गडकरी 1995 ते 1999 बांधकाम मंत्री होते, तेव्हा तेही नागपूर पदवीधरचेच आमदार होते. त्यांच्या काळातल्या मुंबईतल्या उड्डाणपुलांची चर्चा होते, गडकरींना परिषदेत पाठवणाऱ्या पदवीधरांची कुणाला आठवण नसते.

आता निवडणूक प्रचारात कमी आणि नोंदणीत जास्त जिंकली जाते. कारण यादी कायमची नसते. दर निवडणुकीआधी ती कोरी होते आणि शून्यापासून तयार करतात. मागच्या वेळी मत दिलं होतं, हा पुरावा चालत नाही. 1 नोव्हेंबरच्या आधी पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली असावीत, राहणं मतदारसंघात असावं, आणि नमुना 18 वेळेत भरावा. मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच संपते, तेव्हा आमच्याकडे ऊसतोड आणि दिवाळी दोन्ही अंगावर असतात. मग ज्याच्या हाताखाली कारखाना, बँक, शिक्षणसंस्था, त्याच्या माणसांचे फॉर्म आधी पोचतात. एकट्यादुकट्याने रांगेत उभा राहून भरलेला फॉर्म त्या गठ्ठ्यांपुढे किती टिकणार?

मतदानाचीही तऱ्हा वेगळी. मशीन नाही, कागदाची मतपत्रिका. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या पेनानेच उमेदवारांपुढे पसंतीचे 1, 2, 3 आकडे घालायचे. मोजताना वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, हा कोटा. तो कुणी गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटतात. 2020 मध्ये पुण्याला 60हून जास्त उमेदवार होते. मतपत्रिका उलगडली की टेबलावर मावत नव्हती. आणि या शिकलेल्या मतदारांची मतं हजारांनी बाद होतात! कुणी बरोबरची खूण करतो, कुणी अक्षरात ‘एक’ लिहितो, कुणी चक्क सही ठोकतो. देवनागरी आकडा चालतो, रोमन चालतो, अक्षर चालत नाही.

माझं खरं भांडण आहे ते बायकांच्या फॉर्मवरून. पदवी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर. दोन्ही नावांची बाई एकच, हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला नाहीतर राजपत्र लागतं, आणि आमच्या पिढीत लग्नं नोंदवली कुणी? पुरुषाचा फॉर्म दहा मिनिटांत होतो; त्याच घरातल्या एम.ए. झालेल्या सुनेचा फॉर्म ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणून कपाटात जातो. पुढची वेळ सहा वर्षांनी. यादी कायमची केली, एकदा तपासलेली पदवी पुन्हा मागितली नाही, तर हे निम्म्याने कमी होईल. पदवी काही रद्द होत नाही, मग नाव का पुसायचं?

तोवर माझ्याकडे येणाऱ्या पोरींना मी एवढंच सांगते, की नोव्हेंबरची वाट बघू नका, गणपती झाले की विवाह नोंदणीच्या मागे लागा. पदवीचं प्रमाणपत्र विद्यापीठातून आणलंच नसेल तर शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका घ्या, सगळ्या झेरॉक्स साक्षांकित करून घ्या, आणि फॉर्म दिल्याची पोच हातात पडल्याशिवाय तहसीलमधून हलू नका.