वेळेचे अंदाजपत्रक आणि घरची बालवाडी

वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या शेंदूरजनाघाटचा दिवस घड्याळापेक्षा संत्र्याच्या बहारावर अधिक चालतो. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे तोडणीस येतात, मृग बहाराची होळीच्या सुमारास. त्यापूर्वी बागेला ताण द्यावयाचा, मग पाणी सोडावयाचे. आणि तेही पंपाला वीज मिळेल तेव्हा, मग ती मध्यरात्र का असेना! अशा घरात तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाचे नियोजन करावे असे कोणी सुचविले, तर ते शहरी चोचले वाटण्याचाच संभव अधिक. तथापि, पाण्याच्या प्रत्येक पाळीचा हिशेब ठेवणाऱ्या कुटुंबात मुलाच्या दिवसाचा हिशेब मात्र कोणाच्याच खाती नसावा, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

मूल अंगणवाडीत घातले किंवा एखाद्या कॉन्व्हेंटची फी भरली, म्हणजे प्रश्न सुटला असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अंगणवाडी दिवसातले काही तासच भरते. मुलाचा उरलेला सारा वेळ घरातच जातो. शिवाय मूळ कल्पना निराळीच होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, ही त्यांची भूमिका. खडे, पाने, बिया, शिंपले हीच साधने. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. अमरावती जिल्ह्यातील धारणी हा त्यांपैकी एक. अंगणवाडी हे नाव सर्वतोमुखी झाले. अंगणातच शिक्षण आहे, हा त्यामागचा विचार मात्र मागे पडला.

त्याची जागा घेतली आहे ती घरातल्या शाळेच्या नकलेने. भिंतीवर तक्ता, हाती पाटी आणि तीन वर्षांच्या मुलाला तासभर बसवून गिरवून घेतलेली मुळाक्षरे! विकत घेता येते तेच शिक्षण, अशी समजूत असल्यामुळे पैशाचा खर्च डोळ्यांत भरतो. जी खरी दुर्मीळ वस्तू, म्हणजे मोठ्या माणसाचा निवांत वेळ, तिची मोजदाद होत नाही.

या वेळेचे मोल किती, याचा एक पुरावा दूरच्या जमैका देशात मिळतो. तेथील किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर, अशा दोन वर्षे जात राहिल्या. मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे हे त्या आईला दाखवीत. खेळणीही घरच्या वस्तूंचीच. सुमारे वीस वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा या मुलांची कमाई अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळली. ती बालके अवघ्या दोन वर्षांच्या आतली होती आणि परिस्थितीही वेगळी. तेव्हा हा आकडा वऱ्हाडाला जसाच्या तसा लावणे अशास्त्रीय ठरेल. मात्र नेमाने दिलेला थोडा वेळही फुकट जात नाही, एवढा बोध घेण्यास हरकत नसावी.

घरातील नियोजन म्हणजे भिंतीवर वेळापत्रक टांगणे नव्हे; जे काम घरात होणारच आहे, त्यात मुलाला जागा करून देणे होय. तोडणीच्या दिवसांत फळांची प्रतवारी चाललेली असते. लहान-मोठी, हिरवी-पिवळी असे ढीग मुलाने केले, तर वर्गीकरण आणि क्रम या गणिताच्या पहिल्या पायऱ्या तेथेच चढून होतात. संत्र्याच्या फोडी घरातील माणसांत सारख्या वाटणे हा भागाकार नव्हे तर काय? डाळ निवडणाऱ्या आजीजवळ बसलेले मूल बोटांना वळण लावते आणि तिच्या गोष्टीतून शब्द वेचते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईपुढे खिरापत ओळखण्याचा खेळ चालतो. गोड की तिखट, ओले की कोरडे, असे विचारीत उत्तराकडे जाण्याचा त्याहून चांगला भाषेचा पाठ कोणत्या पुस्तकात सापडेल? याखेरीज झोपेची, जेवणाची आणि गोष्टीची वेळ शक्यतो रोज एकच असावी. बागेचे पाणी मध्यरात्री असले, तरी मुलाची रात्र ठरल्या वेळीच व्हावी.

प्रश्न उरतो तो हा वेळ द्यावयाचा कोणी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. बागेत राबून आलेल्या आईच्याच खाती मुलाचा पाठही मांडला, तर ते उघडउघड तुटीचे अंदाजपत्रक होते. आणि तूट भरून निघते ती तिच्या झोपेतून! म्हणून दिनचर्येतील पहिली दुरुस्ती मुलाच्या वेळापत्रकात नव्हे, वडिलांच्या वेळापत्रकात व्हावयास हवी. संध्याकाळचा अर्धा तास त्यांचा असावा, आणि तो उपकार म्हणून नव्हे. शिक्षकाच्या व कारकुनाच्या घरासही हे लागू आहे. शाळा-कचेरी सुटण्याची वेळ ठरलेली असल्याने तेथे सबब थोडी कमीच.

जी कुटुंबे दुसऱ्याच्या बागेत तोडणीस जातात, त्यांना मात्र अर्ध्या तासाचा उपदेश करणे निष्ठुरपणाचे होईल. त्यांच्यासाठी अंगणवाडीच्या वेळा हंगामाशी जुळविल्या पाहिजेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण मुख्य रचनेत आणले आहे. ही जबाबदारी घरावर ढकलून शासनास मोकळे होता येणार नाही.

आंबिया बहार हुकला, तर बागायतदार मृगाची वाट पाहू शकतो. बालपणाला असा दुसरा बहार नाही. रात्रीअपरात्री उठून बागेला पाणी देणाऱ्या हातांना संध्याकाळचा अर्धा तास अवघड जाऊ नये.