उणे 128 अंश

पृथ्वीवर आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान उणे 89.2 अंश. अंटार्क्टिकावरच्या व्होस्टोक केंद्रात 1983 साली ते मोजलं गेलं. आमच्या लॅबमधला सात नंबरचा संगणक मात्र मे महिन्यात, झाशीत, बाहेर लू वाहत असताना उणे 128 दाखवत होता.

मदरबोर्डवर तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांचा वेग मोजणारी एक चिप असते. लिनक्समध्ये 'एलएम-सेन्सर्स' हा प्रोग्राम तिचे आकडे वाचतो. आधी 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवायचं. चिप कोणती आणि ड्रायव्हर कोणता लागेल, हे ते शोधून देतं. मग नुसतं 'सेन्सर्स' टाइप केलं की यादी समोर येते. पण कोणत्या पिनला काय जोडायचं हे बोर्ड बनवणारा ठरवतो आणि काही पिना रिकाम्याच सोडतो. रिकामी पिन गप्प बसत नाही, काहीतरी आकडा सांगतेच. उणे 128 हा तसलाच.

त्या यादीत पाच ओळींपुढे 'अलार्म' लिहिलेलं होतं. एक हे तापमान, एक शून्य व्होल्टेज आणि तीन पंखे, तिन्हींचा वेग शून्य. मी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पाचही ओळींना 'इग्नोर' लावलं. यादी स्वच्छ झाली, मी खूश. संगणक चालू आहे म्हणजे पंखा फिरत असणारच, असं मी धरून चाललो. प्रोसेसर 80 अंशांच्या वर होता, ते झाशीच्या उन्हावर ढकललं.

तिसऱ्या दिवशी प्रेपमध्ये ते मशीन आपोआप बंद पडलं. एका ज्युनियरने दोन तास बसून टाइप केलेला प्रोजेक्ट गेला (त्याने एकदाही सेव्ह केलं नव्हतं, पण ते त्याला त्या वेळी कोण सांगणार?). कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्यात डस्टरचा दोरा गुंडाळला होता. चार अलार्म खोटे होते, एक खरा. मी सरांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. "आता एकेक ओळ तपासून लाव," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग दोन रविवार त्यात गेले. पंख्याची तपासणी सोपी निघाली. तो एका फेऱ्यात सहसा दोन स्पंदनं पाठवतो, चिप ती मोजते. मिनिटाला 1200 फेरे म्हणजे सेकंदाला 40 स्पंदनं. दोरा काढल्यावर पहिल्या ओळीत आकडा आला. बाकीच्या दोन ठिकाणी पंखे जोडलेलेच नव्हते, म्हणून 'इग्नोर' फक्त त्यांना.

तापमानासाठी झाशीचा उन्हाळाच कामी आला. भिंतीवरचा थर्मामीटर 39 दाखवत होता. नुसत्या पंख्याच्या हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. म्हणजे 39 च्या खालचा आकडा दिसला की त्या ओळीवर विश्वास ठेवायचा नाही.

व्होल्टेजने मात्र डोकं खाल्लं. चिपला 12 व्होल्ट थेट झेपत नाहीत, म्हणून बोर्डवर दोन रेझिस्टर लावून ते कमी करतात. समजा 30 आणि 10 किलोओहमचे असतील, तर चौथा हिस्सा, म्हणजे 3 व्होल्टच चिपपर्यंत पोहोचतात. फाइलमध्ये 'कॉम्प्युट' या ओळीत ते पुन्हा चारने गुणायला सांगावं लागतं. गुणक बरोबर आहे का, हे सरांनी मल्टिमीटरने पिवळ्या तारेवर पाहिलं. लाल तार 5 व्होल्टची, नारिंगी 3.3 ची. चालू मशीनमध्ये हे काम कॅडेटने एकट्याने करायचं नाही.

शेवटी 'लेबल' वापरून 'फॅन 1' चं नाव 'प्रोसेसर पंखा' केलं आणि 'सेट' च्या ओळीत त्याची किमान मर्यादा 600 ठेवली. 'सेट' च्या ओळी नुसती फाइल सेव्ह करून लागू होत नाहीत. 'सेन्सर्स' पुढे 'एस' चा पर्याय देऊन, तोही ॲडमिनच्या अधिकाराने, चालवावा लागतो. हे कळायला मला अर्धा तास लागला.

नंतर सरांसमोर पेन्सिलच्या रबराने पंखा क्षणभर अडवून पाहिला. यादीत एकच अलार्म आला. ज्युनियर शेजारी उभा होता. प्रोजेक्टची शेवटची दोन पानं त्या संध्याकाळी मी त्याला टाइप करून दिली.