समीकरणे आणि मंदावलेला संगणक

१९१२ साली श्रीनिवास रामानुजन मद्रास बंदराच्या कार्यालयात दरमहा तीस रुपये वेतनावर कारकून म्हणून रुजू झाले. कागद परवडत नसे. म्हणून गणित पाटीवर सोडवायचे, कोपराने पुसायचे आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवायचा, अशी त्यांची पद्धत होती. या वह्या १९५७ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने प्रसिद्ध केल्या, त्या खिळे जुळवून नव्हे, तर हस्तलिखित पानांची छायाचित्रे छापून.

गणिताचा मजकूर जुळवणे हे पूर्वीपासूनच किचकट काम. अपूर्णांकाची रेघ किती लांब असावी, घातांक किती वर चढवावा, वर्गमूळाच्या चिन्हाने आतील पदांना कुठवर झाकावे, हे सारे जुळाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये ‘टेक’ ही प्रणाली तयार करून हे काम संगणकाकडे सोपवले. तिच्यावर आधारलेले ‘लाटेक’ आज जगभरच्या गणितज्ञांच्या सवयीचे झाले आहे. मद्रासचे आता चेन्नई झाले आहे. तेथील संशोधन संस्थांत प्रबंध याच प्रणालीत लिहिले जातात आणि परदेशी नियतकालिकांची अक्षरजुळणी करणाऱ्या शहरातील अनेक कंपन्यांनाही तिचा परिचय आहे.

अशा ठिकाणी एक अनुभव वारंवार येतो. काल झरझर उघडणारा दोनशे पानांचा प्रबंध सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवताच रेंगाळू लागतो. अक्षर टंकित केल्यावर ते पडद्यावर उमटायला क्षण-दोन क्षण लागतात. प्रबंध सादर करायला आठवडा उरलेला असेल, तर लिहिणाऱ्याच्या जिवाची कशी घालमेल होत असेल, याची कल्पना करावी!

संगणक जुना झाला, असे अशा वेळी चटकन वाटते. पण दोष पुष्कळदा वेगळाच असतो. ‘लिक्स’ या संपादकाचे उदाहरण घेऊ. लाटेकच्या आज्ञा पाठ न करता समीकरणे पडद्यावर पाहत लिहिता यावीत, यासाठी तो वापरतात. त्यात ‘तत्काळ पूर्वदर्शन’ नावाची एक सोय आहे. ती चालू असेल, तर समीकरण छापल्यावर जसे दिसेल तसे त्याचे छोटे चित्र पार्श्वभूमीवर लाटेककडून तयार करून घेतले जाते. पाच समीकरणे असतील तर ते कळतही नाही. पाचशे असतील तर संगणकाला धाप लागते. आवृत्ती बदलताना ही सोय चालू झाली आहे काय, हे सर्वांत आधी पाहावे. ती बंद केली तरी समीकरणे वाचता येतात.

दुसरे कारण केवळ पहिल्या वेळेपुरते असते. ‘लुआलाटेक’ हा लाटेकचा नवा प्रकार अद्ययावत केल्यावर प्रथम संगणकातील सर्व फॉन्टची सूची बनवतो. त्याला काही मिनिटेही लागू शकतात. तो अडकला असे समजून मध्येच बंद केला, तर पुढच्या वेळी तेच काम पुन्हा सुरू होते. म्हणून एकदा धीर धरावा. दुसऱ्या खेपेसही तितकाच वेळ लागला, तरच बिघाड शोधावा. त्यासाठी दस्तऐवजाची प्रत करून तिचा अर्धा भाग काढून टाकावा. वेग परतला, तर दोष काढलेल्या भागात आहे. मग त्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. आठ-दहा खेपांत एखादे अवजड चित्र किंवा सदोष समीकरण हाती लागते.

मूळ टेकमध्ये मात्र आता नवे काही घातले जात नाही. केवळ चुका दुरुस्त होतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर तिच्या आवृत्तीच्या क्रमांकात ‘पाय’ या संख्येचा एकेक अंक वाढतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. बदलते ते तिच्याभोवतीचे सॉफ्टवेअर. लिक्सच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत सरळ उघडत नाही. तेव्हा नवी आवृत्ती बसवण्याआधीच फाइलची एक प्रत वेगळी ठेवावी आणि सादरीकरण जवळ आले असेल, तर आवृत्ती बदलण्याचे काम त्यानंतरच करावे.