विश्लेषण : प्रश्न सर्वांना सारखेच, मग ‘एलसॅट’ परदेशी विद्यार्थ्यांना जड का जाते?

अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी ‘एलसॅट’ ऑगस्ट २०२६ पासून बहुतांश उमेदवारांना परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागणार आहे. घरी बसून परीक्षा देण्याची सोय वैद्यकीय कारण किंवा केंद्र गाठण्यात मोठी अडचण असेल तरच मिळेल. हा निर्णय गैरप्रकार रोखण्यासाठी आहे. मात्र त्यामुळे एका जुन्या प्रश्नाकडे पुन्हा लक्ष जाते : प्रश्नपत्रिका एक, वेळ एक, म्हणून परीक्षा सर्वांसाठी सारखी ठरते का?

‘एलसॅट’ नेमकी कोणासाठी?

लॉ स्कूल अ‍ॅडमिशन कौन्सिल म्हणजे ‘एलसॅक’ ही संस्था ही परीक्षा घेते. पहिली परीक्षा १९४८ मध्ये झाली. गुण १२० ते १८० या पट्ट्यात मिळतात. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या ‘जेडी’ अभ्यासक्रमासाठी ती द्यावी लागते. भारतात एलएलबी करून वर्षभराच्या एलएलएमसाठी अमेरिकेला जाणाऱ्यांना ती सहसा लागत नाही. भारतीय महाविद्यालयांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली ‘एलसॅट इंडिया’ वेगळी होती. ती २०२४ नंतर बंद झाली.

परदेशी उमेदवारांसाठी गुणांचे वजन जास्त का?

अमेरिका आणि कॅनडातील पदवीचे गुण ‘एलसॅक’ एकाच मापात, म्हणजे ‘जीपीए’मध्ये बदलून देते. इतर देशांतील पदवीसाठी असा आकडा दिला जात नाही. गुणपत्रिका तपासून उत्कृष्ट, सरासरीपेक्षा वरचा, सरासरी किंवा सरासरीपेक्षा खालचा असा शेरा दिला जातो. मुंबई किंवा पुण्यातील ६० टक्के म्हणजे ‘फर्स्ट क्लास’ हे अमेरिकी महाविद्यालयाला आपोआप कळत नाही. त्यामुळे या शेऱ्याचा उपयोग होतो. पण दोन उमेदवारांची तुलना करायला त्यात आकडा नसतो.

विधी महाविद्यालये प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांचे मध्यम ‘एलसॅट’ गुण आणि मध्यम ‘जीपीए’ जाहीर करतात. ज्याचा ‘जीपीए’च नाही, त्याच्या अर्जात तुलनेसाठी उरतो तो ‘एलसॅट’चा आकडा. म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, अशा अनेकांच्या बाबतीत इंग्रजी परीक्षेचेच महत्त्व वाढते.

भाषेचा अडसर कुठे येतो?

प्रत्येक विभागाला ३५ मिनिटे असतात. आकलनाच्या विभागात उताऱ्यांचे चार संच असतात, म्हणजे एका संचाला प्रश्नांसह जेमतेम पावणेनऊ मिनिटे. तर्काच्या विभागात एका प्रश्नाला दीड मिनिटही मिळत नाही. ‘अनलेस’ किंवा ‘ओन्ली इफ’ या शब्दांचा रोख चुकला की उत्तर चुकते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला तर्क कळतो, पण वाक्य दुसऱ्यांदा वाचावे लागते आणि घड्याळ थांबत नाही. अपंगत्व किंवा आजारपण असल्यास जादा वेळ मागता येतो. इंग्रजी ही दुसरी भाषा आहे, या कारणासाठी मात्र तो मिळत नाही.

‘लॉजिक गेम्स’ गेल्याने काय बदलले?

आकृत्या काढून सोडवायचा हा विभाग ऑगस्ट २०२४ पासून वगळण्यात आला. दृष्टिहीन उमेदवारांशी २०१९ मध्ये झालेली तडजोड त्यामागे होती आणि तो बदल रास्तच होता. त्याच्या जागी तर्काचा आणखी एक विभाग आला. आता गुण मोजले जाणारे तीनही विभाग दाट इंग्रजी मजकुरावर उभे आहेत. भाषेचा भार तुलनेने कमी असलेला भाग उरलेला नाही. एका गटावरचा अन्याय दूर करताना दुसऱ्या गटाची वाट थोडी अरुंद झाली.

केंद्रावरील परीक्षेने काय साधेल?

करोनाकाळात, मे २०२० मध्ये ही परीक्षा घरी पोहोचली. पुढे प्रश्न चोरून विकल्याच्या तक्रारी वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘एलसॅक’ने चीनच्या मुख्य भूमीतील ऑनलाइन परीक्षा ऑक्टोबरच्या फेरीनंतर थांबवण्याचे जाहीर केले. फुटलेल्या प्रश्नांचा फटका प्रामाणिक उमेदवारांना बसतो, त्यात परदेशी उमेदवारही आले. त्या दृष्टीने केंद्रावरची परीक्षा अधिक विश्वासार्ह. पण लहान शहरातील विद्यार्थ्याला शुल्काशिवाय प्रवास आणि मुक्कामाचा खर्च येईल.

परीक्षेच्या बाजूने काय म्हणता येईल?

कायद्याचे शिक्षण इंग्रजीतच होणार, वाचनाचा डोंगरही मोठा असणार. मग इंग्रजी वाचन तपासायलाच हवे, हा मुद्दा खोडता येत नाही. शिवाय ज्या महाविद्यालयाचे नाव अमेरिकेत कोणी ऐकलेले नाही, तिथल्या विद्यार्थ्याला ‘एलसॅट’च्या चांगल्या गुणांमुळेच दखल घ्यायला लावता येते. परीक्षा काढून टाकली तर वजन नामांकित संस्था आणि ओळखीच्या शिफारसपत्रांकडे झुकेल. ‘एलसॅक’ स्वतः गुणांसोबत काही गुणांचा पट्टा देते आणि केवळ गुणांवर निर्णय घेऊ नये, असे महाविद्यालयांना सांगते. म्हणजे अडचण प्रश्नपत्रिकेइतकीच गुण वापरण्याच्या पद्धतीत आहे.

विद्यार्थ्यांनी काय पाहावे?

अनेक महाविद्यालये ‘जीआरई’चे गुणही स्वीकारतात. त्यात गणिताचा भाग असल्याने अभियांत्रिकी किंवा विज्ञान पदवीधरांना तो पर्याय तपासता येईल. ‘एलसॅट’ पाच वर्षांत पाच वेळा आणि आयुष्यात सात वेळाच देता येते. त्यामुळे ‘सराव म्हणून एकदा देऊन बघू’ हा विचार महागात पडू शकतो. केंद्रातील जागा आणि तारखा आधी पाहाव्यात. गुणपत्रिका विद्यापीठाकडून थेट पाठवावी लागत असल्याने ते काम अर्जाच्या बरेच आधी सुरू करावे. अर्जासोबतच्या निवेदनात आपण कोणत्या माध्यमात शिकलो आणि पदवीला वर्गात कितवा क्रमांक होता, हे लिहावे. शेऱ्यात जे दिसत नाही, ते सांगण्याची जागा तीच आहे.