शेत गेलं, आगेरा राहिला

अंधेरी पूर्वेच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात रोज हजारो माणसं कामाला जातात. हिऱ्या-दागिन्यांचे कारखाने, सॉफ्टवेअर कंपन्या, फाटकावर ओळखपत्राची तपासणी असा तो सगळा परिसर. त्या कुंपणाच्या आत झाडीत एक छप्पर गेलेलं चर्च उभं आहे, हे त्यातल्या अनेकांच्या गावीही नसतं. पोर्तुगीज जेझुइटांनी 1579 साली ते कोंदिवटे गावासाठी बांधलं आणि त्याला सेंट जॉन द बाप्टिस्टचं नाव दिलं. 1840 च्या सुमारास साथ आली, गाव ओस पडलं. वाचलेले लोक मरोळला सरकले आणि जाताना चर्चमधल्या मूर्ती, बाप्तिस्म्याचं कुंड, खांबदेखील सोबत घेऊन गेले. पुढे 1973 मध्ये सीप्झ झालं आणि ते पडकं चर्च सरकारी कुंपणाच्या आत गेलं. आता मे महिन्यात एकदा परवानगी मिळते. त्या दिवशी मरोळ-कोंदिवट्याची माणसं तिथं जमतात आणि उघड्या आभाळाखाली मिस्सा होते.

ख्रिस्ती धर्म आजच्या समाजात कालबाह्य झाला आहे का, हा प्रश्न हल्ली जगभर विचारला जातो आणि पुराव्यादाखल बहुधा युरोपातली रिकामी चर्चं दाखवली जातात. इंग्लंड आणि वेल्सच्या 2011 च्या जनगणनेत 59.3 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं. 2021 मध्ये तो आकडा 46.2 टक्क्यांवर आला, म्हणजे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली. आकडे खरे आहेत. पण त्याच काळात सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ख्रिस्ती लोकांची संख्या युरोपच्या पुढे गेली. आणि आपल्याकडे, जिथं महाराष्ट्रात शंभरात जेमतेम एक माणूस ख्रिस्ती आहे, तिथं डोकी मोजून उत्तर मिळणारच नाही. कोंदिवट्याचं चर्च तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच रिकामं झालं, तरी तिथली श्रद्धा मरोळमध्ये नांदते आहे. म्हणून मला वाटतं, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथं हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारायला हवा. ज्यांचं कुणी नाही अशा माणसांना या धर्माचा आज काही आधार आहे का? माझ्या लेखी याच एका कसोटीला अर्थ आहे, कारण ती खुद्द येशूने घालून दिलेली आहे.

आधी इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांविषयी. साष्टी बेटावरचे शेतकरी, कोळी, आगरी, भंडारी सोळाव्या-सतराव्या शतकात ख्रिस्ती झाले. घरातली मराठी बोली, लुगडं, लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन आणायचं उंबराचं पाणी, हे सगळं त्यांनी राखलं. रेल्वे आणि गोद्यांच्या नोकऱ्यांसाठी गोव्याहून ख्रिस्ती लोक येऊ लागले, तेव्हा आपली निराळी ओळख सांगण्यासाठी इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं आणि 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. स्वतंत्र भारतात याच लोकांच्या भातशेतीवर औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि विमानतळ पसरला. आज सहारच्या टर्मिनलवर उतरणाऱ्या किती जणांना सहार हे एक गाव होतं आणि आहे, हे माहीत असेल?

शेत गेलं, पण आगेरा राहिला. आगेरा म्हणजे कापणीचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येणारा. नव्या भाताच्या लोंब्या कापून, सजवून, बँडच्या तालावर मिरवत चर्चमध्ये न्यायच्या. फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात, मग ते दाणे घरोघरी जातात. पूर्वी लोंब्या आपल्याच बांधावरच्या असत. आता बऱ्याच पॅरिशमध्ये त्या गोराई-वसईकडून मागवाव्या लागतात. म्हाताऱ्या बायका लाल लुगडं नेसून, ठसठशीत पारंपरिक दागिने घालून पुढे असतात. त्यांच्या मागे नाती असतात, ज्यांनी भाताचं शेत सहलीतच पाहिलेलं असतं.

हे पाहून मन भरून येतं, तरी एवढ्यावर समाधान मानता येत नाही. सण, खाद्यपदार्थ, बाटली मसाला आणि तळलेले फुगे ही संस्कृती झाली. संस्कृती जपण्यासाठी श्रद्धेची गरज नसते, हौस पुरते. धर्म जिवंत आहे की नाही, ते लोंब्यांची मिरवणूक संपल्यावर सोमवारी कळतं.

सीप्झपासून महाकाली केव्हज रोडने चालत निघालं की सोमवारचं बरंच काही दिसतं. या रस्त्याला नाव दिलं ते बौद्ध लेण्यांनी. कोंदिवट्याचीच ती लेणी, त्या चर्चहून शेकडो वर्षांनी जुनी. याच रस्त्यावर जेझुइटांचं विनयालय आहे. पुढे याच रस्त्यावर ऑस्ट्रियाहून आलेले मानववंशशास्त्रज्ञ फादर स्टीफन फुक्स यांनी उभी केलेली इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन कल्चर आहे. दलित आणि आदिवासी समाजांचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. जवळच ज्ञान आश्रम आहे. फादर जॉर्ज प्रोक्श नावाच्या युरोपीय मिशनऱ्याने हिंदुस्थानी राग आणि इथली नृत्यं शिकून घेतली, ख्रिस्ताची भजनं रचली, नृत्यनाट्यं बसवली आणि त्यासाठी हा आश्रम काढला.

या आश्रमाचं महत्त्व बोरिवलीला गेल्यावर नीट कळतं. मंडपेश्वरच्या शैव लेण्यात सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च थाटलं. मूळ शिल्पाच्या जागी कोरलेला क्रूस आजही तिथं दिसतो, आणि टेकडीवर त्यांच्या मठाचे अवशेष आहेत. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर साष्टीतली पोर्तुगीज सत्ता संपली. तो क्रूस पाहताना ख्रिस्ती माणसाने मान खाली घालावी, असं मी मनापासून म्हणतो. दुसऱ्याचं दैवत खोडून कोरलेल्या क्रुसात ख्रिस्त नसतो, राज्य असतं. मंडपेश्वरपासून ज्ञान आश्रमापर्यंतचं अंतर कापायला या धर्माला चारशे वर्षं लागली. 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांतल्या सत्याचा आदर करायला सांगितलं आणि लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सेची मोकळीक दिली. जो धर्म स्वतःची चूक ओळखून इतकं बदलू शकतो, त्याला कालबाह्य म्हणायला मी तयार नाही.

महाकाली केव्हज रोडवरच होली स्पिरिट हॉस्पिटल आहे. सिस्टरांनी चालवलेलं हे रुग्णालय मरोळ-जोगेश्वरीच्या वस्त्यांना तीन पिढ्यांपासून परिचयाचं. पण अंधेरीतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम स्नेहसदनचं आहे. 1962 साली फादर रामिरो एर्विती या स्पॅनिश जेझुइटाने ते सुरू केलं, घरातून पळून आलेल्या, फलाटावर झोपणाऱ्या मुलांसाठी. पुढे फादर प्लासी फोन्सेका यांनी कित्येक दशकं ते सांभाळलं. भलंमोठं अनाथालय बांधून मुलांना रांगेत उभं करायचं नाही, तर साधी छोटी घरं घ्यायची, त्यात आईवडिलांच्या जागी एक जोडपं आणि हाताखाली मोजकी मुलं, अशी ही पद्धत. फलाटावरच्या पोराला अन्न कुणीही देऊ शकतं. रात्री उशीर झाला तर कोणीतरी रागवावं, शाळेच्या अर्जावर पालक म्हणून कोणाची तरी सही असावी, हे त्याला कुठे मिळत नाही. स्नेहसदनने ते दिलं.

कुणी म्हणेल, यासाठी धर्म कशाला? संस्था हे करतात, सरकारनेही करावं. बरोबर आहे, आणि करतातही. फरक मला दिसतो तो चिकाटीत. प्रकल्पाचा निधी तीन वर्षांनी संपतो. व्रत घेतलेला माणूस चाळीस वर्षं त्याच पोरांत राहतो, बदली मागत नाही. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात 1986 पासून कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातले रुग्ण ठेवले जातात. देशातलं ते पहिलं असं रुग्णालय. बरं होण्याची आशा संपलेल्या माणसाजवळ बसणं हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. तिथल्या सिस्टर ते करतात, कारण त्यांच्या मते त्या खाटेवर ख्रिस्तच पडलेला असतो. फादर ज्यो परेरांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशन काढून दारू आणि अंमली पदार्थांच्या विळख्यातल्या लोकांना हात दिला. स्वतः योगगुरू अय्यंगारांचे शिष्य असल्याने त्यांनी उपचारात योगासनं आणली. 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एक काळजीही आहे. या सगळ्या कामाचा कणा असलेल्या सिस्टर म्हाताऱ्या होत आहेत आणि वसई-मुंबईच्या घरांतून नव्या मुली पूर्वीसारख्या मठात जात नाहीत. तरुण मुलं कॅनडाला, आखातात गेली. अंधेरी-बोरिवलीच्या कितीतरी इमारतींत मागे राहिले ते सत्तरी-ऐंशीतले आईवडील. रविवारची मिस्सा आटोपली की पॅरिशचे काही साधे संसारी लोक, त्यांत बायका पुष्कळ, छोट्या गोल डबीत पवित्र भाकर घेऊन निघतात. तिसरा मजला, लिफ्ट बंद, दार उघडायला पाच मिनिटं. आत खाटेवरच्या आजी चेहरा पुसून, केस विंचरून तयार असतात. प्रार्थना दहा मिनिटांत होते. मग अर्धा तास गुडघ्याचं दुखणं, टोरांटोच्या नातवाचा फोन, गोळ्यांचा डबा कोण भरतं ही विचारपूस. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोकही असेच गरीब घरी जातात, महिन्याचं रेशन आणि औषधांची चिठ्ठी घेऊन. महानगरात एकाकीपण वाढत असताना हे दार ठोठावणं मला प्रवचनापेक्षा मोठं वाटतं.

जिथं हा धर्म मागे पडला, तेही सांगायला हवं. 1869 च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पुरुषाला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं. बाईला मात्र व्यभिचाराबरोबर छळ किंवा त्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये हा भेद रद्द ठरवला आणि 2001 मध्ये संसदेने कायदा बदलला. इथं बाईला न्याय मिळाला तो न्यायालयातून आणि संसदेतून. भाषेचंही तसंच. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 सालचं, आणि 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. इतकी मोठी परंपरा, पण उपनगरांतल्या ईस्ट इंडियन घरांत नातवंडं इंग्रजीत प्रार्थना म्हणतात आणि आजीची मराठी माळ तिच्याबरोबरच थांबते.

जातीचा प्रश्न याहून बोचरा. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आलं. पुढे नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्या महार-मांग कुटुंबांची नातवंडं-पतवंडं आज घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतही राहतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत आणि त्याविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. धर्म बदलला की जात जाते, असं सरकार मानतं. पण सोयरीक जुळवताना ख्रिस्ती घरांतही जात विचारली जाते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारकडे न्याय मागण्याचा हक्क आहेच, पण बाकावर शेजारी बसलेल्याची मुलगी सून म्हणून घरात आणणं आपल्या हातात आहे.

आता शाळा. उपनगरांतल्या मध्यमवर्गाचा ख्रिस्ती धर्माशी संबंध येतो तो मुख्यतः कॉन्व्हेंटच्या प्रवेशापुरता. यांतल्या अनेक शाळा सुरुवातीला पोरक्या आणि गरीब मुलांसाठी निघाल्या होत्या. आज त्यांच्या दाराशी गाड्यांची रांग असते. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत 25 टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं. घटनेच्या 30 व्या कलमाने दिलेलं स्वातंत्र्य मौल्यवान आहे आणि ते राखलं पाहिजे. पण न्यायालयाने या शाळांना फक्त सक्तीतून सोडवलं आहे. आपणहून जागा देऊ नका, असं कुणी म्हटलेलं नाही. म्हणून एक सुचवतो. भीमा-कोरेगाव प्रकरणात अटकेत असताना, जामिनाची वाट पाहत 84 व्या वर्षी वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये 5 जुलै 2021 रोजी वारलेले फादर स्टॅन स्वामी झारखंडच्या आदिवासींसाठी झटत होते. त्यांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावणाऱ्या पॅरिशनी आपल्याच शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या झोपडपट्टीतली दहा मुलं यंदा पहिलीत घ्यावीत. फी, गणवेश, वह्या याचा खर्च रविवारच्या दानपेटीतून भागेल. शिवाय मुलं शाळेत टिकावीत म्हणून संध्याकाळी अभ्यास घ्यायला निवृत्त शिक्षिका प्रत्येक पॅरिशमध्ये आहेत. पहिलीचे अर्ज काही महिन्यांत सुटतील. पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेता येईल.