जिव्या सोमा म्हसे : 'स्वयंशिक्षित' चित्रकार आणि वारली स्त्रियांचा वारसा

वारली चित्रकलेला भिंतीवरून कागदावर आणि आदिवासी पाड्यावरून जगातील कलादालनांपर्यंत नेण्याचे श्रेय प्रामुख्याने जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांना दिले जाते. कोणत्याही कलाशाळेत न गेलेल्या या चित्रकाराचा उल्लेख 'स्वयंशिक्षित' असा केला जातो. शालेय शिक्षणाच्या अर्थाने हे विशेषण यथार्थ आहे. तथापि ते जसेच्या तसे स्वीकारल्यास ज्यांच्याकडून त्यांना ही चित्रभाषा मिळाली, त्या स्त्रिया दृष्टीआड होतात.

डहाणू तालुक्यातील (तत्कालीन ठाणे, २०१४ पासून पालघर जिल्हा) गंजाड परिसर ही म्हसे यांची कर्मभूमी होय. तेथील वारली घराच्या कुडाच्या भिंती शेणामातीने सारवून, त्यांवर गेरूचा हात देऊन तांदळाच्या पिठाने चित्रे रेखाटण्याचा मान परंपरेने सवाष्ण स्त्रियांचा असे. लग्नघरी त्या 'चौक' लिहीत. मधोमध पालघट देवी, लहान चौकात पंचशिऱ्या देव आणि भोवती झाडे, प्राणी, नाचणारी माणसे असे त्याचे स्वरूप. चौकाशिवाय लग्न लागत नसे. दोन त्रिकोण टोकाशी जोडून माणूस उभा करण्याची रीत, बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेली लेखणी, पांढरा हा एकच रंग हे सारे याच परंपरेतले आहे.

बालपणी आई गेल्यावर जिव्या कित्येक वर्षे बोलत नव्हता, धुळीत चित्रे काढूनच तो मनातले सांगे, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. ती हृदयस्पर्शी आहे खरी. पण एकाकी प्रतिभावंताची प्रतिमा तिच्यामुळे इतकी ठसते की शेजारच्या घरांतील लिहिलेल्या भिंती कुणाला आठवतच नाहीत.

मग म्हसे यांचे स्वतःचे असे काय? येथे त्यांच्या कर्तृत्वाचा खरा विचार सुरू होतो. विधीचे निमित्त नसताना, रोज, केवळ चित्रासाठी चित्र काढणारा पुरुष ही त्या समाजात नवी गोष्ट होती. त्यांनी देवीची चौकट बाजूला सारली. चौकात मध्यभागी स्थिर असलेली देवी गेली आणि कडेची गजबज संपूर्ण पृष्ठभागावर पसरली. तारपावादकाभोवती वळत जाणारी नर्तकांची रांग, भातकापणी, मुंग्यांची हालचाल यांत डोळा कोठेच थांबत नाही. मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत तर असंख्य बारीक रेषा एकमेकींत गुंतवून त्यांनी जाळे जणू श्वास घेत असल्याचा भास निर्माण केला आहे. अशी रचना चौकात आढळत नाही.

त्यांना प्रकाशात आणणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी १९६०च्या दशकात मिथिलेतही काम केले होते. दुष्काळाच्या काळात तेथील स्त्रियांना कागद देऊन चित्रे काढण्यास त्यांनी प्रवृत्त केले. तेथे जगदंबादेवी, सीतादेवी अशी स्त्रियांची नावे पुढे आली. वारली प्रदेशात कला स्त्रियांचीच असूनही सर्वप्रथम जगापुढे आले ते एका पुरुषाचे नाव. हा फरक अभ्यासकांनी पुरेसा तपासलेला नाही.

पुढील सन्मान सुपरिचित आहेत : १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार, १९८९मध्ये पॅरिसच्या 'मॅजिशियन्स द ला तेर' या प्रदर्शनात सहभाग, २००३मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासमवेत प्रदर्शन, २००९चा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ची पद्मश्री. मे २०१८मध्ये त्यांचे निधन झाले. सदाशिव आणि बाळू या त्यांच्या मुलांनीही चित्रकलेचा मार्ग स्वीकारला. आज वारली स्त्रियाही कागद-कापडावर चित्रे काढून विकतात आणि त्यांवर स्वतःचे नाव घालतात. लग्नाचा चौक मात्र कधीच कुणाच्या सहीचा नव्हता. पुढच्या सारवणाबरोबर तो भिंतीत विरून जाई. त्यामुळे जिव्या लहान असताना गंजाड परिसरातील लग्नघरांत कोणकोणत्या स्त्रियांनी चौक लिहिले, याची नोंद कोणत्याही संग्रहालयात नाही.